एकशे पंच्याऐंशी सेकंदांचा दम

डोहगावच्या मंडळ कार्यालयाला पूरबचावासाठी रबरी बोट मंजूर झाली आणि बोटीच्या तीन आठवडे आधी तिचा तक्ता येऊन पोहोचला. सरकारी कामात हा क्रम बरोबरच आहे. बोट आधी आली असती तर ती कुठं ठेवायची हा प्रश्न पडला असता. तक्ता कुठंही ठेवता येतो.

तो भरायचं काम नागेश वाव्हळे यांच्याकडं आलं. एक तर ते कारकून होते आणि दुसरं म्हणजे ते बचाव पथकाचे प्रमुखही होते. प्रमुख ते कसे झाले याला काही मोठा इतिहास नाही. पथकाची यादी निघाली त्या दिवशी ते रजेवर होते, एवढंच. सव्वीस वर्षांच्या नोकरीत वाव्हळ्यांनी एवढे तक्ते भरले होते की कोणताही तक्ता समोर आला तरी त्यांचा चहा थंड होत नसे. त्यांच्याजवळ एक हुकमी शब्द होता: निरंक. रकान्यात काय लिहायचं ते कळत नसेल तर निरंक. कळत असेल पण लिहिण्याची सोय नसेल, तरीही निरंक. या शब्दामुळं आजवर कुणाला नोटीस आल्याचं त्यांच्या ऐकिवात नव्हतं.

हा चोवीस रकान्यांचा तक्ता मात्र जरा निराळा होता. रकाना अकरा: फळीची लांबी. रकाना बारा: लाटेची सरासरी उंची. रकाना तेरा: शार्क मासा आढळल्यास केलेली कार्यवाही. समुद्रात फळीवर उभं राहून लाटांवरून घसरणाऱ्या आणि छोट्या होड्या वल्हवणाऱ्या लोकांचं कसलंसं माहितीपत्रक वरच्या कार्यालयात कुणाच्या तरी हाती लागलं होतं. त्या माणसानं ‘समुद्र’ खोडून ‘नदी’ लिहिलं आणि बाकी सगळं तसंच ठेवलं. डोहगावापासून समुद्र पाचेकशे किलोमीटर. गोदावरीला इकडं गंगा म्हणतात. तिच्यात मरळ सापडते, वाम सापडते, कधी कुणाची हरवलेली घागरही सापडते. पण शार्कबाबत वाव्हळ्यांनी निरंक लिहिलं ते खरंच होतं.

असे चार रकाने निरंक करून ते सतराव्याला आले. ‘पाण्याखाली श्वास रोखण्याची क्षमता (सेकंदांत), कर्मचारीनिहाय.’

इथंही निरंक लिहिलं असतं तर ही कथाच झाली नसती. पण त्याच वेळी कोतवाल बिरदेव चहा घेऊन आला. मेंढपाळांच्या घरातला हा चाळिशीचा गडी गंगेच्या काठानंच मोठा झालेला, आणि पथकात वल्हं मारायला खऱ्या अर्थानं लायक असा एकटाच. त्यानं रकाना वाचला आणि कौतुकानं म्हणाला, “साहेब, ह्यात तं तुमी लय पुढं असताल. तुमी कबड्डीवाले मानसं.”

नको तिथं बोट लागलं ते असं. अठ्ठावीस वर्षांपूर्वी गंगाखेडच्या कॉलेजात असताना वाव्हळे कबड्डी खेळत. एका सामन्यात त्यांनी घातलेला दम एवढा लांबला की समोरचे गडी पकडायचं सोडून बघत राहिले, असं ते सांगत. पंच त्यांचा सख्खा मामा होता हे ते सांगत नसत. मधे दोनदा नाकानं घेतलेल्या श्वासाकडं मामानं काणाडोळा केला होता, हे तर त्यांनी स्वतःलाही सांगितलं नव्हतं.

पेन उचललं गेलं. किती लिहावं? एकशे ऐंशी लिहिलं तर तो अंदाज वाटतो. आकडा कसा, मोजल्यासारखा पाहिजे. म्हणून एकशे पंच्याऐंशी. आता पथकप्रमुखाचाच दम लिहून बाकीच्यांचे रकाने रिकामे सोडणं बरं दिसेना. तेव्हा तीन तलाठ्यांना सेवाज्येष्ठतेनुसार एकशे सत्तर, एकशे पासष्ट, एकशे साठ. शिपायाला एकशे वीस. हाताखालच्या माणसाचा श्वास वरच्यापेक्षा लांब असू नये, एवढी शिस्त वाव्हळ्यांनी पाळली. शेवटी बिरदेवला त्यांनी नव्वद दिले. खरं तर डोहात बुडी मारून तो अडकलेलं जाळं सोडवून यायचा, पण कोतवालाला यापेक्षा जास्त देणं नियमात बसत नव्हतं.

मंडळ अधिकारी दिपाली मॅडमनी सही केली. त्या दिवशी त्यांना एकशे चाळीस सह्या करायच्या होत्या. तक्ता वर गेला.

पंधरा दिवसांनी बोट आली आणि तिच्यासोबत पत्र आलं. पत्रात दोन मुद्दे होते. एक, डोहगाव मंडळाची सरासरी श्वासक्षमता सर्वाधिक आढळून आल्यानं या मंडळासाठी मंजूर असलेली सहा लाइफ जॅकेटं कमी क्षमतेच्या मंडळांकडं वळवण्यात येत आहेत. दोन, पथकप्रमुख श्री. वाव्हळे यांनी येत्या शुक्रवारच्या पुढच्या शुक्रवारी वरच्या साहेबांसमोर श्वास रोखण्याचं प्रात्यक्षिक करून दाखवावं, म्हणजे ‘डोहगाव नमुना’ इतरत्र राबवता येईल.

वाव्हळ्यांनी पत्र दोनदा वाचलं. पहिला मुद्दा त्यांच्या डोक्यात शिरलाच नाही. दुसरा पोटात शिरला.

घरी गेल्यावर त्यांनी पत्र बायकोपुढं ठेवलं. सुकेशनीबाई जिल्हा परिषदेच्या शाळेत पाचवीला शिकवत. नवऱ्याचं अक्षर चांगलं आहे आणि बाकी सगळं चालण्यासारखं आहे असं त्यांचं लग्नापासूनचं मत. त्यांनी पत्र वाचलं, चष्मा काढला आणि विचारलं, “तुमाला पोहायला येतंय का?”

“येतंय की. लहानपणी शिकलोय मी विहिरीत.”

“पाठीला डबा बांधून.”

“डबा सगळेच बांधत्यात.”

“सोडला का मंग नंतर?”

आमच्याकडं पोर विहिरीत उतरतं ते पाठीला रॉकेलचा रिकामा डबा बांधून. हळूहळू धीर आला की एक दिवस डबा सोडतात. वाव्हळ्यांचा डबा सोडायच्या आधीच त्यांच्या वडिलांची बदली झाली. पुढं राहायला गेले त्या गावात विहीर नव्हती.

“खरं ते सांगून टाका,” सुकेशनीबाई म्हणाल्या. “चूक झाली म्हनावं.”

“एकशे पंच्याऐंशीची चूक?” वाव्हळे दुखावल्या आवाजात म्हणाले. “सव्वीस वर्षांत माझ्या तक्त्यात खाडाखोड न्हाई झालेली.”

मग त्यांनी बादलीत तोंड घातलं. सुकेशनीबाईंनी घड्याळ लावलं. बादलीतून बुडबुडे आले, पाठोपाठ चमत्कारिक घुमल्यासारखा आवाज आला आणि चौदाव्या सेकंदाला वाव्हळे नाकातोंडातून पाणी सांडत वर आले.

“आत काय म्हनायलेते तुमी?”

“कुठं काय?”

“कबड्डी कबड्डी म्हनायलेते.”

खरी अडचण ही होती. वाव्हळ्यांच्या शरीराला दम म्हणजे काय ते एकाच प्रकारे माहीत होतं. श्वास भरला की तोंड आपोआप सुरू व्हायचं. कबड्डीत दम हळूहळू बाहेर सोडायचा असतो, पाण्याखाली तो आत धरायचा असतो, आणि तोंड उघडलं की पाणी कुणाचीही ओळख न धरता आत येतं. दुसऱ्यांदा त्यांनी तोंडावर हात दाबून धरला. सतरा सेकंद.

सुकेशनीबाईंनी त्या दिवशी घरात एक नियम केला. मी शेजारी उभी असल्याशिवाय पाण्यात तोंड घालायचं नाही. नियम वाव्हळ्यांना आवडला नाही. शेजारी पाचवीच्या बाई घड्याळ घेऊन उभ्या असल्या की माणूस आपोआप नापास होतो, असं त्यांचं म्हणणं होतं.

तिसऱ्या दिवसापर्यंत गल्लीला कळलं आणि सल्ले यायला लागले. कुणी म्हणालं गूळ-शेंगदाणे खा. कुणी म्हणालं शंख वाजवायला शिका, ते वाव्हळ्यांनी सौम्यपणे नाकारलं. टायरच्या दुकानवाल्यानं ट्यूब तोंडानं फुगवायला दिली आणि संध्याकाळी ती परत नेऊन गिऱ्हाइकाच्या चाकात बसवली. सगळ्यात भरीव सल्ला शेजारच्या हरिओम गुरुजींचा. गुरुजी निवृत्त शिक्षक. सकाळी गच्चीवर ते योगाचा वर्ग घेत आणि वर्गात ते धरून तीन माणसं असत.

“वाव्हळे साहेब, तुमचं चुकतंय ते शास्त्रात,” गुरुजी म्हणाले. “बुडी मारायच्या आधी पन्नास भस्त्रिका घाला. भराभर श्वास आत, भराभर बाहेर. श्वास घ्यायची इच्छाच होनार न्हाई बघा तुमाला.”

गुरुजींचं म्हणणं अगदी खरं होतं आणि त्यातच घात होता. गच्चीवर पन्नास भस्त्रिका घातल्यावर वाव्हळ्यांच्या बोटांना मुंग्या आल्या, ओठ बधिर झाले आणि कोरड्यावर त्यांनी तब्बल एकतीस सेकंद दम धरला. गुरुजींनी टाळी वाजवली. जेवताना वाव्हळ्यांनी ही प्रगती बायकोला सांगितली.

“मुंग्या आल्या म्हंजे अंग नको म्हनायलंय,” सुकेशनीबाई म्हणाल्या. “श्वास घ्यावा वाटतो तो उगं वाटतो का? ती घंटा असती. गुरुजींनी तुमची घंटाच काढून ठिवली.”

पण वाव्हळ्यांना आता आकडा दिसायला लागला होता. दुसऱ्या दिवशी बायको शाळेत गेल्यावर त्यांनी अंगणातल्या हौदात डोकं घातलं. भिंतीपलीकडं हरिओम गुरुजींच्या पत्नी मनकर्णाबाई कपडे वाळत घालत होत्या. त्यांना वाव्हळे साहेबांचा हौदाबाहेर राहिलेला भाग तेवढा दिसला, हालचाल न करणारा. त्यांनी जो गलका केला त्यानं अर्धी गल्ली अंगणात जमली. वाव्हळे वर आले तेव्हा चौदा माणसं त्यांच्याकडं बघत होती. एकानं विचारलं, “साहेब, घरात काही बोलाचाली झाली का?” अर्ध्या तासात कार्यालयातही खबर पोहोचली. शिपाई सायकलवर आला आणि हातात अर्ज देऊन म्हणाला, “मॅडमनी वैद्यकीय रजेचा नमुना दिलाय. कारण मोकळं ठिवलंय.”

एवढ्या अपमानानंतर गल्लीत सराव करणं शक्यच नव्हतं. प्रात्यक्षिकाला पाच दिवस राहिले होते. रविवारी वाव्हळे ‘बोटीची पाहणी’ असं सांगून घरातून निघाले आणि बिरदेवच्या वस्तीजवळच्या पायऱ्यांच्या विहिरीवर एकटेच गेले. आजूबाजूला कुणी नव्हतं. शांत पाणी, वर सुगरणींचे खोपे. त्यांनी बनियन ठेवून सदरा काढला, चौथ्या पायरीवर कमरेएवढ्या पाण्यात उभे राहिले, पन्नासाच्या जागी ऐंशी भस्त्रिका घातल्या आणि खाली बसले.

आत छान वाटलं. खरंच छान. श्वास घ्यावा असं मुळीच वाटेना. कबड्डी म्हणावं असंही वाटेना. आपण एकशे पंच्याऐंशी सहज करणार, हा विचार त्यांना स्पष्ट आठवतो. त्यानंतरचं काही आठवत नाही.

डोळे उघडले तेव्हा ते पायऱ्यांवर पालथे पडले होते, तोंडातून पाणी जात होतं आणि त्यांच्या बनियनच्या पाठीत लोखंडी आकडी अडकलेली होती. आकडीच्या लांब बांबूचं दुसरं टोक बिरदेवच्या बायकोच्या, सुगंधाबाईच्या हातात होतं. बकऱ्यांना बाभळीचा पाला खाली ओढून द्यायची ती आकडी. बकऱ्यांना पाणी पाजायला ती आली होती आणि पहिल्यांदा तिला वाटलं की विहिरीत कुणाचं तरी धुणं पडलंय.

“साहेब, डोळे उघडा. जित्ते हाव ना?” ती पाठीवर थापट्या मारत म्हणाली.

वाव्हळ्यांनी मान हलवली. दोन बकऱ्या वरच्या पायरीवरून त्यांच्याकडं लक्षपूर्वक बघत होत्या.

“एकल्यानं पान्यात कामून उतरलात? आमचं बारकं लेकरू बी एकलं उतरत न्हाई.”

“सराव करायलोतो,” वाव्हळे पुटपुटले.

“मरायचा?” सुगंधाबाईनं आकडी सोडवली. मग पदरानं हात पुसत ती म्हणाली, “एक इचारू का, साहेब? तुमच्या दमापायी जाकिटं परत गेली म्हनत्यात. खरं हाय का?”

“म्हंजे तसं पत्रात…”

“आमचे मालक मागल्या साली पुरात गेलते लोकं काढायला, गुळाच्या काहिलीत बसून. बोट कुठं व्हती तवा. काहिल पालथी झाली आन् दोन तास बाभळीला लटकून व्हते. मी काठावर हुबी. दिसतंय, पर हात पुरंना.” तिनं आकडीकडं बघितलं. “आवंदा बोट येनार, जाकीट येनार म्हनून मी देवाला नारळ फोडला. आता जाकीट न्हाई म्हनत्यात. कारन काय, तं त्यास्नी नव्वद शेकंद दम हाय म्हनं. कुनी मोजला वो?”

वाव्हळ्यांना वाईट वाटलं. आधी स्वतःच्या फजितीचं वाईट वाटत होतं, ते हे नव्हतं. पत्रातला पहिला मुद्दा त्यांनी आत्ता वाचला असं म्हणायला हरकत नाही. एका दुपारी चहा पिता पिता त्यांनी सहा माणसांची जॅकेटं काढून घेतली होती, आणि तीही कुणाचं वाईट व्हावं म्हणून नव्हे, तर आकडा शोभून दिसावा म्हणून.

सोमवारी ते दिपाली मॅडमपुढं उभे राहिले. “मॅडम, रकाना सतरा दुरुस्त करायचाय.”

मॅडम तिशीच्या, हुशार, कामाला वाघ. त्यांनी संगणक उघडला, दहा मिनिटं खटपट केली आणि खुर्चीला टेकल्या. “वाव्हळे, यात क्षमता वाढवता येते. कमी करायची सोयच नाही. कमी आकडा टाकला की लाल अक्षरात लिहून येतं, ‘प्रगती उणे असू शकत नाही.’”

“मंग पत्र लिवू.”

“लिहिलं मी, तुम्ही हौदात डोकं घातलंत त्याच दिवशी. फोनवर उत्तर आलं. प्रात्यक्षिकात काय दिसतं ते बघू म्हणाले.” मॅडमनी आवाज खाली आणला. “तुम्ही रजा टाका. मी समजू शकते. प्रात्यक्षिक रद्द होईल, तुमचं नाव राहील.”

“आन् जाकिटं?”

“आकडा राहिला की जॅकेटं कशी येतील?”

म्हणजे मामला साधा होता. वाव्हळ्यांची इज्जत राहिली तर जॅकेटं जाणार आणि जॅकेटं यायची असतील तर वाव्हळ्यांना भर काठावर, गावासमोर, साहेबांसमोर नापास व्हावं लागणार. चार दिवस त्यांनी याच्यावर विचार केला आणि चारही दिवस त्यांना वेगवेगळं वाटलं. नापास होणं तसं अवघड नव्हतं, त्यांच्या अंगात तेवढी क्षमता होती. पण नापास होताना लोक बघणार, हे त्यांना सोसवत नव्हतं.

गुरुवारी संध्याकाळी हरिओम गुरुजी एक कागदी पुडी घेऊन आले. आत पपईच्या पानाचा लांब देठ होता, दोन्ही टोकं साफ कापलेला.

“पोकळ असतोय हा,” गुरुजी कानाशी लागून म्हणाले. “घाटाजवळ जलपर्णी हाय. खाली बसायचं, देठाचं टोक पानांतून वर काढायचं आन् बसा मंग तीन मिनिटं न्हाईतर तीन तास. गावच्या अब्रूचा प्रश्न हाय, साहेब.”

वाव्हळ्यांनी देठ घेतला. वापरणार नाही असं त्यांनी मनाशी ठरवलं आणि चड्डीच्या आतल्या खिशात नीट बसतो का ते बघून ठेवलं.

शुक्रवारी घाटावर मंडप पडला. खुर्च्या, पाण्याचे जार, हार. गावातली शाळा आली, बचत गट आले, टायरवालाही आला. रबरी बोट काठाला बांधलेली आणि तिच्यात पथकाचे पाच जण ओळीनं बसलेले. शेवटी बिरदेव, वल्हं धरून. कुणाच्याही अंगावर जॅकेट नव्हतं. वरच्या साहेबांच्या अंगावर मात्र होतं. नवंकोरं, नारिंगी, शिट्टीसकट. फोटोसाठी त्यांनी ते गाडीतच चढवलं होतं आणि पाण्यापासून तीस पावलांवर खुर्चीत ते घालून बसले होते. काठाच्या अगदी टोकाला सुगंधाबाई आकडी घेऊन उभी होती. तिच्या शेजारी सुकेशनीबाई घड्याळ घेऊन. या दोघींचं कधी काय बोलणं झालं होतं ते वाव्हळ्यांना माहीत नव्हतं, पण बघून त्यांना जरा बरं वाटलं.

वाव्हळे पाण्यात उतरले. भस्त्रिका घातल्या नाहीत. जलपर्णीजवळ गेले, एक श्वास घेतला आणि खाली बसले.

खाली हिरवट अंधार होता. हात आपोआप खिशाकडं गेला. देठ निघाला, तोंडात बसला, टोक वर काढायचं तेवढं राहिलं. समोर बोटीचा काळा तळ दिसत होता आणि बाजूनं पाण्यात सोडलेले बिरदेवचे दोन पाय. टाचांना भेगा पडलेले, बिनधास्त. या पायांना आपण नव्वद सेकंद दिलेत, वाव्हळ्यांच्या मनात आलं. त्यांना स्वतःची लाज वाटली. एवढी लाज त्यांना हौदातून वर आल्यावर चौदा माणसांसमोरही वाटली नव्हती. त्यांनी देठ सोडून दिला. मग जेवढं धरवलं तेवढं धरलं आणि अगदी शेवटी, नाइलाजानं, ‘कबड्डी’ म्हणून ते वर आले.

“बावीस,” सुकेशनीबाई शांतपणे म्हणाल्या.

पपईचा देठ आपला वाहत वाहत साहेबांच्या दिशेनं निघाला होता. हरिओम गुरुजींनी आकाशाकडं बघायला सुरुवात केली.

साहेब हसले. “छान. हा सराव झाला. आता खरं सुरू करा.”

“साहेब, हेच खरं हाय,” वाव्हळे गुडघाभर पाण्यात उभे राहून म्हणाले. “एकशे पंच्याऐंशी मी मनानं लिहिलं. बाकीच्यांचं बी मीच. कुनाचाच दम मोजला न्हाई.”

“तीन प्रयत्न घेऊन बेरीज केली तर?” साहेबांच्या मागून कुणीतरी सुचवलं.

“बेरीज करून मानूस पान्याखाली ऱ्हात न्हाई, साहेब. मागच्या रविवारी मी विहिरीत बेशुद्ध पडलोतो. ह्या बाईनं बकऱ्याच्या आकडीनं काढलं मला.” काठावरून हसू फुटलं. टायरवाला सगळ्यात मोठ्यांदा हसला. पण वाव्हळे थांबले नाहीत. “पुरात दम उपेगाचा न्हाई. तोंड पान्याच्या वर पाहिजे. आमाला जाकिटं पाहिजेत.”

“पण अहवाल वर गेला आहे,” साहेब कळवळून म्हणाले.

तेवढ्यात सुगंधाबाई तीस पावलं चालून मंडपात गेली आणि साहेबांपुढं उभी राहिली. आकडी तिच्या हातातच होती. तिनं ती उगारली वगैरे नाही, नुसती सोबत होती.

“साहेब, तुमी तं कोरड्यात हाव,” ती म्हणाली. “ते जाकीट द्या इकडं. आमचे मालक बोटीत बसलेत.”

साहेबांनी दिपाली मॅडमकडं बघितलं. मॅडम फाईल वाचत होत्या. साहेबांनी आकडीकडं बघितलं, मग फोटोवाल्याकडं, आणि एकेक पट्टा सोडून जॅकेट काढून दिलं. फोटो त्याचाच छापून आला.

बारा दिवसांनी पाच जॅकेटं आली. सहावं ‘स्थानिक पातळीवर यापूर्वीच प्राप्त’ म्हणून वजा केलं होतं. सोबत वाव्हळ्यांच्या नावे नोटीस होती: आपल्या श्वासक्षमतेत अल्पावधीत एकशे त्रेसष्ट सेकंदांची घट का झाली, याचा खुलासा तीन दिवसांत करावा. सव्वीस वर्षांतली पहिली नोटीस. वाव्हळ्यांनी रात्रीचं जेवण केलं नाही. सकाळी उठून त्यांनी खुलासा लिहिला: ‘घट झालेली नाही. क्षमता पूर्वीपासून एवढीच होती. कार्यालयात बसून श्वास मोजता येतो अशी माझी समजूत होती, ती दूर झाली आहे.’ सुकेशनीबाईंनी वाचून दोन वेलांट्या दुरुस्त केल्या आणि कागद परत देताना म्हणाल्या, “चांगलं लिहिलंय.” लग्नानंतर अक्षर सोडून दुसऱ्या कशाला त्या चांगलं म्हणाल्या, ते पहिल्यांदाच.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी वरच्या धरणाचं पाणी सुटलं आणि गंगा वस्तीत शिरली. पथक निघालं. पाच खेपा नीट झाल्या. एकोणीस माणसं, सात बकऱ्या आणि मनकर्णाबाईंच्या बहिणीचं शिलाई यंत्र काठावर आलं. सहाव्या खेपेला रिकामी बोट पाण्याखालच्या तारेच्या कुंपणावर घासली, एक बाजू फाटली आणि सहाच्या सहा जण गढूळ पाण्यात फेकले गेले. काठावर एक किंकाळी उठली.

मग लोकांना सहा नारिंगी ठिपके दिसले. ते वाहत होते, गोल फिरत होते, त्यातला एक जोरजोरात शिट्टी वाजवत होता. तो पथकप्रमुखाचा होता. पाणी त्यांना चाळीस-पन्नास हात पुढं घेऊन गेलं आणि त्याच बाभळीला नेऊन टेकवलं. तिथून सुगंधाबाईनं दोरी बांधलेल्या आकडीनं एकेकाला ओढून घेतलं. यावेळी तिचा हात पुरला. बिरदेव बाहेर आला तेव्हा तिनं त्याच्या जॅकेटवर दोन चापट्या मारल्या आणि मग बसून रडली.

चौथ्या दिवशी घटनेचा तक्ता आला. पुन्हा चोवीस रकाने. वाव्हळ्यांनी तो एकट्यानं भरला नाही, कार्यालयातच सगळ्यांना विचारून विचारून भरला. रकाना सतरा होता: ‘दुर्घटनेत कर्मचाऱ्यांनी पाण्याखाली घालवलेला वेळ (सेकंदांत), कर्मचारीनिहाय.’

त्यांनी पेन टेकवलं आणि सहाही नावांपुढं एकच शब्द लिहिला. निरंक. मग बिरदेवला हाक मारून त्याला तो रकाना वाचून दाखवला आणि विचारलं, “बरोबर हाय का?”

बिरदेवनं जरा आठवून बघितलं.

“बराबर हाय, साहेब,” तो म्हणाला. “माझी तं टोपी बी भिजली न्हाई.”